घरचा ग्राइंडर कसा वापरावा, कसा जपावा

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खानदेशात शेतीची अवजारं दुरुस्तीला निघतात. वखराची पास, ट्रॉलीचा फाळका, गोठ्याचे अँगल ही कामं आता बरेच जण घरच्याच चार इंची ग्राइंडरवर उरकतात. मशीन हातात मावतं म्हणून साधं वाटतं, पण त्याची डिस्क मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेते.

डिस्क आधी पारखा. डिस्कवर छापलेला कमाल आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नको. मधल्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ती तिची मुदत. मुदत संपलेली, भिजलेली, तडा गेलेली डिस्क फेकून द्या. कटिंगची पातळ डिस्क आडवी धरून घासायला वापरू नका. गार्ड (डिस्कवरचं झाकण) काढून सात इंची डिस्क बसवायचा उद्योग तर सर्रास चालतो. ती साधारण 8,500 फेऱ्यांसाठी बनलेली असते. 11,000 वर फुटली तर तुकडे कुठे जातील याचा नेम नाही. बाभळीच्या फांद्या तोडायला दातेरी पातं लावणारेही आहेत. ते लाकडात अडकलं की मशीन हातातून उसळतं. त्या कामाला कुऱ्हाड बरी.

डिस्क बदलताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. नट पान्याने आवळा आणि नवी डिस्क तोंडापासून दूर धरून अर्धा मिनिट मोकळी फिरवा.

जागा बघा. भाव वाढेल म्हणून कापूस अनेकांच्या घरात, पडवीत महिनोन्महिने पडून असतो. ठिणग्या काही मीटर सहज उडतात आणि कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. त्यामुळे कापूस, पऱ्हाटीचा ढीग, ठिबकच्या नळ्या आणि डिझेलचा कॅन यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी बसा. पाण्याची बादली हाताशी हवी. काम संपल्यावर अर्धा तास तरी जागेवर नजर ठेवा.

अंगावर काय? गळ्यातला रुमाल किंवा उपरणं काढून ठेवा, सैल बाही वर करा, चपलेऐवजी बूट घाला. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल लागतो, उन्हाचा चष्मा चालत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. गॉगलात घाम साचतो आणि माणूस तो कपाळावर सरकवून मोकळा होतो. म्हणून कापायचं काम सकाळीच उरका.

कापताना तुकडा पायाखाली दाबून धरू नका. वाईस किंवा क्लॅम्पमध्ये पक्का बसवा, मशीन दोन्ही हातांनी धरा आणि डिस्कच्या रेषेत न उभं राहता जरा बाजूला राहा. लांब अँगल दोन टोकांना टेकवून मधोमध कापला, तर तो कापता कापता खाली झुकतो, चीर मिटते आणि डिस्क चिमटली जाते. कापून निघणारं टोक मोकळं लोंबतं ठेवा, म्हणजे चीर उघडत जाते.

लाईट गेली तर सगळ्यात आधी बटण मागे ओढा, मग प्लग काढा. बटण पुढे अडकलेलंच राहिलं आणि मशीन जमिनीवर ठेवून तुम्ही चहाला गेलात, तर लाईट आल्याबरोबर ते आपोआप सुरू होऊन अंगणात उड्या मारतं. आपल्याकडे वीज कधी येईल याचा भरवसा नसताना हा धोका रोजचाच.

एक्स्टेन्शनच्या रिळावरची वायर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. ओल्या जमिनीवर काम टाळाच आणि घराच्या लाईनवर 30 मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दोन पिनांचा प्लग चालतो. नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि चांगली अर्थिंग हवीच.

देखभाल फार नाही. व्होल्टेज कमी असताना जोर लावून कापू नका, मोटार तापते. जड काम झालं की मिनिटभर मोकळं चालवून मग बंद करा. हवेच्या फटींत लोखंडाची भुकटी आणि रुई बसते; प्लग काढून मऊ ब्रशने ती झाडा. मशीन अडखळत सुरू होऊ लागलं की मोटारीला वीज पोचवणारे दोन छोटे कार्बन बघा. पाच-सहा मिलिमीटरच उरला असेल तर दोन्ही कार्बन एकदमच बदला, एक जुना एक नवा नको. नवे कार्बन घालूनही फटींतून आर्मेचरभोवती (मोटारीच्या फिरत्या भागाभोवती) ठिणग्यांचं कडं दिसत असेल, तर मशीन वाइंडिंगवाल्याकडे न्या.