लिफाफा फोडू नका: नागपुरातून परदेशी साहित्य-विभागांना कागद कसे पाठवायचे

‘आता सगळं ऑनलाइनच असतं’ असं ज्याने तुम्हाला सांगितलं, त्याने साहित्याच्या एमए-पीएचडीसाठी परदेशात कधी अर्ज केलेला नाही. फॉर्म ऑनलाइन, फी कार्डाने, इथपर्यंत खरं आहे. बरीच विद्यापीठं अर्जाच्या वेळी मार्कशीटच्या स्कॅनवर भागवतात, हेही खरं. पण प्रवेश मिळाला की अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे सगळ्या परीक्षांच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्र उतारा) कागदावर आणि बंद लिफाफ्यात मागणारी ठिकाणं अजून पुष्कळ आहेत, आणि काही विभाग ते अर्जासोबतच मागतात. मी हे स्वतःसाठी दोनदा केलं. नंतर विद्यार्थ्यांसाठी इतक्या वेळा केलं, की बर्डीवरचा माझा झेरॉक्सवाला आता फक्त ‘मॅडम, फॉरेनचा सेट का?’ एवढंच विचारतो.

पासपोर्ट आहे, मार्कशीट हातात आहेत, विभागांची यादी झाली आहे, हे मी गृहीत धरते.

आधी वेळ. अमेरिकेतल्या बहुतेक पीएचडीची मुदत १ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या दरम्यान पडते. आता नागपुरातून उलटं मोजा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. मोर्चे, बॅरिकेड, आणि सिव्हिल लाइन्सकडे जायचं म्हटलं की रिक्षावाला आधी तोंड वाकडं करतो. त्याच्याआधी विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा, त्याच्याआधी दिवाळी, त्याच्याआधी दसरा. म्हणून माझा नियम साधा आहे: मारबत निघायच्या आत, म्हणजे पोळ्यापर्यंत, ट्रान्सक्रिप्टचा अर्ज गेलेला असला पाहिजे. ज्यांनी ‘दिवाळीनंतर बघू’ म्हटलं, त्यांची धावपळ मी पाहिलेली आहे.

आता काय करायचं नाही ते. ‘सगळं नोटरी करून घे’ हा सल्ला देणारा प्रत्येक घरात एक काका असतो. नोटरीचा लाल शिक्का बघायला भारदस्त दिसतो, पण गुण ज्याने दिले त्याचाच शिक्का परदेशी कार्यालयाला हवा असतो. नोटरीने तुमचा पेपर तपासलेला नाही. दुसरं, मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका. पुढे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन, लागलं तर प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, आणि लॅमिनेशन सोलताना कागद सोलला जातो. तिसरं, कुणी जीआरई या प्रवेश-परीक्षेतल्या इंग्रजी साहित्याच्या विषय-परीक्षेची तयारी करायला सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. ती परीक्षा एप्रिल २०२१ नंतर बंद झाली.

ट्रान्सक्रिप्ट कॉलेजकडून घ्यायचं की विद्यापीठाकडून, यात पुष्कळ जण फसतात. फॉर्मवर लिहिलेलं असतं की रजिस्ट्रारकडून आणा. आपल्या कॉलेजात रजिस्ट्रार नावाचे एक गृहस्थ असतातच, शिवाय ओळखीचे असतात, त्यामुळे मुलं त्यांच्याकडे जातात. पण आपली कॉलेजं संलग्न आहेत. परीक्षा घेतं विद्यापीठ, गुण देतं विद्यापीठ, पदवीही त्याचीच. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचंच लागतं. कॉलेजकडून फार तर शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं असं पत्र घ्या.

ऑनलाइन फॉर्मवरच्या यादीतही विद्यापीठच निवडायचं, कॉलेज नाही. तिथे आणखी एक गंमत आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाच्या नावात ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ हे २००५ साली आलं. परदेशी याद्यांत कधी जुनं नाव असतं, कधी नवं, कधी दोन्ही. तुमच्या मार्कशीटवर छापलेलं नाव सापडलं तर तेच घ्या. नाही सापडलं तर दुसरं निवडा आणि सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा की ही दोन्ही नावं एकाच विद्यापीठाची आहेत. टक्केवारीचं स्वतःच्या बुद्धीने अमेरिकेतल्या चार-बिंदू (चारपैकी गुण देण्याच्या) पद्धतीत रूपांतर करू नका. जे छापलंय तेच भरा. मार्कशीटच्या मागच्या बाजूला श्रेणींचा तक्ता असेल तर ती बाजूही स्कॅन करा.

आता लिफाफा. हे नीट वाचा, कारण मी इथेच दोनदा आपटले.

पहिल्या वेळी मला ट्रान्सक्रिप्टचे तीन बंद लिफाफे मिळाले. घरी आले, चहा ठेवला आणि आत काय लिहिलंय ते बघावं म्हणून एक फोडला. फोडल्याक्षणी तो लिफाफा मेला. आतला कागद तोच, शिक्का तोच, पण आता ती नुसती माझ्या हातातून गेलेली प्रत झाली. विद्यापीठ आणि परदेशी कार्यालय यांच्या मधे कागदाला कुणी हात लावलेला नाही, एवढंच त्या बंद झाकणाने सिद्ध होत असतं. आत काय आहे ते बघायचंच असेल तर एक जास्तीची, उघडी प्रत मागून घ्या आणि तिच्यावरची स्पेलिंगं तपासा. ती तपासल्यावरच बाकीचे लिफाफे बंद करायला सांगा. हा क्रम उलटा झाला तर पुन्हा अर्ज, पुन्हा चलन, पुन्हा चकरा.

लिफाफे तुम्हीच घेऊन जा. कार्यालयातला पातळ खाकी लिफाफा इथल्या इथे ठीक आहे, समुद्रापार जाताना कोपरे फाटतात. आतून कापड लावलेला, ए-४ कागद न दुमडता मावेल असा घ्या. बंद करायला देण्याआधी त्यावर चार गोष्टी स्वतः लिहा: विभागाचा नव्हे तर प्रवेश-कार्यालयाचा पत्ता, तुमचं अर्जावरचं पूर्ण नाव, अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख. मग अधिकाऱ्यासमोर झाकण चिकटवून घ्या. सही आणि गोल शिक्का झाकण आणि लिफाफा या दोन्हींवर अर्धा-अर्धा आला पाहिजे. वरून पारदर्शक टेप चालते, खाकी टेप चालत नाही, कारण तिच्याखाली सही झाकली जाते. शिक्का ओला असताना टेप लावलीत तर शाई पसरते आणि निळा डाग उरतो. पाच मिनिटं थांबा. तेवढ्यात तिथल्या बाबूंशी दोन शब्द बोला, पुढच्या वेळी कामाला येतात.

किती लिफाफे? जितके विभाग, त्याहून दोन जास्त. ज्यांनी आत्ता स्कॅनवर भागवलं आहे, ते मे-जूनमध्ये बंद लिफाफा मागतील, आणि तेव्हा उन्हाळी निकालांची गर्दी असते.

दुसऱ्या वेळी मी लिफाफा फोडला नाही. तरी फसले. माझं लग्न एमए झाल्यावर झालं. पासपोर्ट सासरच्या आडनावाने, अर्जही त्याच नावाने, आणि ट्रान्सक्रिप्ट अर्थातच माहेरच्या आडनावाने. त्यातही आपल्या पद्धतीप्रमाणे आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. लिफाफा मुदतीच्या दहा दिवस आधी पोचला, सही झाली, मला ट्रॅकिंगवर दिसलं. पण अर्जाच्या पानावर ‘मिळाले नाही’ हे लाल अक्षर महिनाभर हललं नाही. तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी अखेर शोधलं तेव्हा तो त्यांच्याच कपाटात, माझ्या माहेरच्या आडनावाच्या खणात निवांत पडलेला होता. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं होती. एकीने अर्ज केला होता आणि दुसरीचे नुसतेच गुण येऊन पडले होते.

लग्न न झालेल्यांनी हसू नये. मार्कशीटवर आडनाव आधी आहे, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात आहे, आणि वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. तिथला माणूस शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो. म्हणजे तुमचा कागद तुमच्या बाबांच्या नावाखाली लागतो! म्हणून अर्ज पासपोर्टप्रमाणे भरा. ‘इतर नावे’ असा रकाना असतो, तो बहुतेक जण रिकामा सोडतात. तिथे मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं, त्याच क्रमाने लिहा. लिफाफ्यावर दोन्ही नावं लिहा आणि आडनावाखाली रेघ मारा. बाहेरच्या पाकिटात एक पानाचं पत्र ठेवा: मी अमुक, अर्ज क्रमांक अमुक, माझ्या कागदांवर माझं नाव असं आहे, आत इतके कागद आहेत. आडनाव लग्नाने बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि ते फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही. एवढं केल्यावर माझ्या एकाही विद्यार्थ्याचा कागद हरवलेला नाही.

शिफारसपत्रं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणाऱ्या सरांना नम्रपणे नाही म्हणा. एकाच हाताने लिहिलेली तीन पत्रं वाचणाऱ्याच्या दुसऱ्या परिच्छेदात लक्षात येतात. त्याऐवजी सरांना एक पान द्या: त्यांच्या वर्गात तुम्ही काय लिहिलं, कोणत्या प्रश्नावर वाद घातला, मुदत कधी. कॉलेजचा ईमेल नसेल आणि पत्र साध्या जीमेलवरून जाणार असेल, तर ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. कागदावर मागितलं असेल तर इथेही झाकणावर सही.

लेखनाचा नमुना साधारण १५ ते २५ पानांचा मागतात. विभागाने दिलेला आकडा ओलांडू नका. मराठी कृतीवर लिहिलं असेल तर उतारा देवनागरीत आणि खाली भाषांतर द्या. मात्र तो उतारा डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये टाइप करून आणू नका. तुमच्याकडे सुरेख दिसतो, तिकडे उघडल्यावर ज्ञानेश्वरांच्या ओवीच्या जागी डॉलर आणि स्वल्पविराम नाचतात. युनिकोडमध्येच टाइप करा, पीडीएफ करताना फाँट आत बसवा आणि एकदा दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

उद्देशपत्राबद्दल (स्टेटमेंट ऑफ पर्पज) एकच सांगते: ‘लहानपणापासून मला वाचनाची आवड’ हे वाक्य खोडा, उरलेलं बहुधा ठीक असतं.

पाठवणं सोपं आहे, पण एक खड्डा आहे. पत्त्यात पोस्ट बॉक्स असेल तर खासगी कुरिअर तिथे देऊ शकत नाही, त्यांना रस्त्याचा पत्ता आणि फोन नंबर लागतो. विद्यापीठांच्या पानावर बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात कुरिअरसाठी वेगळा पत्ता दिलेला असतो. तो नसेल तर सरळ जीपीओत, म्हणजे मुख्य पोस्ट ऑफिसात, जाऊन आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट करा. कुरिअरवाला आधारची प्रत मागेल, ती न्या. मालाच्या वर्णनात ‘शैक्षणिक कागदपत्रे, व्यापारी मूल्य नाही’ असं इंग्रजीत लिहा.

बाहेरचं पाकीट उघडंच घेऊन जा. काउंटरवर तपासणी होते. मागच्या वर्षी माझ्यासमोर एका पोराने सगळं चिकटवून नेलं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘उघडून दाखवा ना जी, आत काय आहे ते बघावं लागते.’ त्याने कात्री उचलली तेव्हा मी अक्षरशः मधे हात घातला. बाहेरचं कापा, आतल्या शिक्क्याला हात लावू नका, असं त्याला समजावलं. आतल्या लिफाफ्यावर कोणाचा शिक्का आहे हे दाखवलं की सहसा कुणी अडवत नाही. तरी अडवलंच तर दुसरीकडे जा, पण तो फोडू देऊ नका.

अर्जाच्या पानावर नोंद व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी रोज मेल टाकू नका. तीन आठवडे झाले आणि तरी ‘मिळाले नाही’ असेल, तर एकच मेल लिहा: ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्याची तारीख, तिथे कोणी सही केली ते नाव, आणि तुमची दोन्ही नावं. त्याला उत्तर आलं नाही तर फोन करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. स्वयंपाक आधी उरका. समोर कागद ठेवा आणि दोन्ही आडनावांची स्पेलिंगं एकेक अक्षर सुटं करून सांगा. आधी मार्कशीटवरचं सांगा, कारण लिफाफा त्या खणात असतो.