या चुका टाळा: लहान बोटीवर व्हीएचएफ अँटेना बसवताना

"समोरच्याचं मला ऐकू येतं, पण माझं त्याला ऐकू जात नाही." बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओची, म्हणजे जवळपासच्या बोटींशी बोलायच्या रेडिओची, ही तक्रार आली की लोक आधी रेडिओ उघडतात. मी आधी केबलचं टोक उघडतो, कारण दोष बहुतेक वेळा तिथंच सापडतो.

एका बोटीवरचा कनेक्टर वरून अगदी चकचकीत होता. फिरवून काढला तर आत हिरवी भुकटी, आणि मधल्या तारेभोवतीची तांब्याची जाळी काळीठिक्कर. वीतभर केबल कापली, आणखी वीतभर कापली, तरी काळेपणा संपेना. खारं पाणी आवरणाखालून आतपर्यंत झिरपलं होतं, शेवटी अख्खी केबल बदलावी लागली. कारण एवढंच, की बाहेरच्या जोडावर साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती आणि ती उन्हानं सुटली होती. तिथं ताणून गुंडाळल्यावर एकजीव होणारी रबरी टेपच लावा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.

कनेक्टर बसवताना जाळीची केसाएवढी तार मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. मीटरनं तपासताना केबलची दोन्ही टोकं मोकळी करा. काही अँटेनांची रचनाच अशी असते की मीटरवर ते शॉर्ट दिसतात. हे ठाऊक नसल्यानं चांगले अँटेना फेकले जातात, त्याचं फार वाईट वाटतं.

केबल ५० ओहमचीच हवी, टीव्हीची ७५ ओहमची नको. आरजी-५८ ही बारीक केबल पाच-सहा मीटरला चालून जाते, पण तीच ३० मीटर ओढली तर २५ वॉटपैकी जेमतेम सहा वॉट अँटेनापर्यंत पोचतात. लांब अंतराला जाड आरजी-२१३ घ्या.

आता अर्थिंग. सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. तळाला तांब्याची पट्टी, पाण्यात धातूची प्लेट, हा खटाटोप लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओसाठी असतो. बोटीवरच्या नेहमीच्या अर्धतरंगी व्हीएचएफ अँटेनाला त्याची गरज नाही. विजेपासूनचं संरक्षण हे तर तिसरंच काम. त्यासाठी जाड तार शक्य तितकी सरळ खाली पाण्यापर्यंत न्यावी लागते, ते काम केबलच्या जाळीवर सोडू नका.

व्हीएचएफला खरी गरज असते ती बॅटरीपासून येणाऱ्या जाड धन-ऋण तारांची. २५ वॉटवर बोलताना रेडिओ पाच-सहा अँपिअर ओढतो. तार बारीक असेल तर दिवा लागतो, ऐकूही येतं, पण बोलायचं बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं. म्हणून बटण दाबलेलं असतानाच रेडिओच्या मागे आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर तार, फ्यूज आणि जोड तपासा. ही चाचणी १६ नंबरच्या, म्हणजे संकटात मदत मागायच्या चॅनेलवर करू नका, आणि अँटेना जोडल्याशिवाय तर बटण दाबूच नका, रेडिओतला सिग्नल बाहेर सोडणारा शेवटचा टप्पा जळू शकतो.

जास्त डेसिबलचा, म्हणजे सिग्नल एका पट्ट्यात जास्त एकवटणारा अँटेना म्हणजे जास्त पल्ला, हे लहान बोटीवर खरं ठरत नाही. त्याचा झोत चपटा असतो. बोट डोलली की तो एकदा आकाशात जातो, एकदा पाण्यात. तीन डेसिबलचा घ्या आणि शक्य तितका उंच लावा. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा आकडा, १.५ च्या आत असेल तर काम नीट झालंय. तीनच्या वर गेला तर पुन्हा कनेक्टर उघडा.