अमेरिकेत प्रोबेशन रद्द झाले तर अपील कसे करावे

ड्रग्जच्या गुन्ह्यात मिळालेले प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटी पाळून बाहेर राहण्याची मुभा) अटींच्या उल्लंघनामुळे रद्द झाले, की आधी कॅलेंडर बघा. फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात आदेशाची नोंद झाल्यापासून 14 दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. राज्यांच्या मुदती वेगळ्या आहेत: टेक्सासमध्ये 30 दिवस, कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्यांसाठी (फेलनी) 60.

नोटीस जेमतेम पानभर. अपील कोण करतोय, कोणत्या आदेशाविरुद्ध, कोणत्या कोर्टाकडे, एवढेच लिहा, युक्तिवाद नको. ती वरच्या कोर्टात नाही, ज्या कोर्टाने प्रोबेशन रद्द केले तिथल्याच क्लार्ककडे द्यायची. इथे बरेच जण चुकतात. फेडरल तुरुंगातून पाठवताना ती मुदतीत तिथल्या टपालात टाका आणि तारीख व टपालखर्च भरल्याचे निवेदन जोडा.

फेडरल अपिलात नोटीस दिल्यापासून 14 दिवसांत सुनावणीचा शब्दशः उतारा मागवा. पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील आणि फीमाफी मागा.

आता मुद्दे. मूळ दोषसिद्धी चुकीची होती, हे इथे सहसा ऐकले जात नाही. पुराव्याची पातळीही खालची: उल्लंघन झाले असण्याची शक्यता जास्त, एवढे पुरते. शिवाय एकच उल्लंघन सिद्ध झाले तरी आदेश टिकतो, त्यामुळे चारपैकी तीन खोडून काढण्यात अर्थ नाही. तुम्ही उल्लंघन कबूल केले असेल, तर वाव फारच थोडा.

लघवीच्या तपासणीकडे मात्र बारकाईने बघा. झटपट किट कधीकधी साध्या औषधांनीही पॉझिटिव्ह येते. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री या लॅबमधल्या जास्त अचूक चाचणीने खात्री केली होती का? नमुना कुणाकडून कुणाकडे गेला, त्याची सलग नोंद आहे का? लॅबच्या माणसाची उलटतपासणी नाकारली का? हरकत सुनावणीतच घेतलेली हवी, नाहीतर वरचे कोर्ट ती क्वचितच मनावर घेते.

फेडरल कायद्यात वर्षभरात तीनपेक्षा जास्त पॉझिटिव्ह निकाल आले तर प्रोबेशन रद्द करणे बंधनकारक, पण व्यसनमुक्ती उपचारांमुळे अपवाद करावा का, याचा विचार न्यायाधीशांनी करायचा असतो. ‘माझ्या हातात काही नाही’ असे ते म्हणाले असतील, तर उताऱ्यातले ते वाक्य अधोरेखित करा. दंड ऐपत नसल्यामुळे थकला असेल, तर सुप्रीम कोर्टाचा 1983 चा बीअर्डन विरुद्ध जॉर्जिया हा निवाडा दाखवा: केवळ पैसे नाहीत म्हणून, दुसरे पर्याय न बघता, प्रोबेशन रद्द करता येत नाही.

अपिलाने शिक्षा आपोआप थांबत नाही. जामिनासाठी वेगळा अर्ज लागतो आणि तो मिळणे कठीणच. शिक्षा थोड्या महिन्यांची असेल तर लवकर सुनावणीही मागा. ती भोगून झाल्यावर कोर्ट अपील निरर्थक ठरवून निकाली काढू शकते.