पिकांच्या काडीकचऱ्याचा कोळसा: करायचा कसा, पारखायचा कसा

पाण्यातला रंग धरणारा कोळसा करायला पऱ्हाटी, तुरीच्या काड्या, मक्याची बुरकुंडं, काहीही चालेल. पण माल खडखडीत वाळलेला हवा. भाताच्या तुसात सिलिका (वाळूतलं खनिज) भरपूर असल्याने राख फार येते, म्हणून सुरुवात बुरकुंडांपासून करा.

घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तुकडे भरा आणि झाकणाला खिळ्याने भोक पाडा. भोक नसेल तर आतल्या वायूने डबा फुटेल. डबा उघड्यावरच विस्तवात ठेवा. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग धूर पिवळट आणि दाट होतो, पेट घेतो. ती ज्योत आपोआप विझली की कोळसा झाला. डबा बाजूला काढून भोक ओल्या मातीने लिंपा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका. गरम कोळशाला हवा लागली तर तो पेटतो आणि हातात राख उरते.

सगळी मदार आचेवर आहे. ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास कोळसा जास्त मिळतो, पण त्याची छिद्रं कमी उघडतात. ६००-७०० अंशांना वजन घटतं, पण आतला पृष्ठभाग कितीतरी वाढतो. पाण्यातला रंग चिकटतो तो याच पृष्ठभागावर.

आता पारख. कोळसा कुटून चाळा, राख निघून जाईपर्यंत धुवा, वाळवा. दोन बाटल्यांत प्रत्येकी १०० मिली पाणी घेऊन दोन्हींत मिथिलीन ब्लू हा निळा रंग सारख्याच प्रमाणात, पाणी फिकट निळं दिसेल इतका घाला. एकीतच १ ग्रॅम पूड टाका. तासभर अधूनमधून हलवा, मग दोन्ही पाणी एकाच प्रकारच्या गाळणकागदातून गाळा. बिनकोळशाचं पाणीही गाळायचंच, कारण कागदसुद्धा थोडा रंग धरतो आणि त्याचं श्रेय फुकट कोळशाला जातं. पांढऱ्या कागदासमोर दोन्ही पेले धरून पाहा: कोळशाचं पाणी दुसऱ्यापेक्षा जितकं फिकट, तितका कोळसा रंग चांगला धरतो.

निळा रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं मात्र मुळीच समजू नका. मिथिलीन ब्लूचे कण धनभारित असतात आणि अशा कोळशाचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित, त्यामुळे त्यांचं चटकन जमतं. नायट्रेट किंवा विरघळलेलं मीठ तसंच राहतं, जंतूही मरत नाहीत. हे पाणी पिऊ नये. रंग नष्ट होत नाही, नुसता कोळशात अडकतो. म्हणून वापरलेली पूड शेतात टाकू नका, वेगळी ठेवा.