ट्यूब ॲम्पवर गेन नक्की किती ठेवायचा?

गिटारचा ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घरी आला की पहिल्या दिवशी सगळे एकच करतात, गेन (सिग्नल आत किती जोरात ढकलायचा तो नॉब) ८ वर आणि मास्टर (एकूण आवाजाचा नॉब) जेमतेम १ वर. मीपण तेच करायचो. एकट्याने वाजवताना लय भारी वाटतं, नोट संपतच नाही, चुका झाकल्या जातात, आणि मग बँडबरोबर बसलं की ड्रम सुरू झाल्या झाल्या आपली गिटार गायब.

झालेलं असं असतं की प्रीॲम्पच्या, म्हणजे ॲम्पच्या पहिल्या टप्प्याच्या, ट्यूबमध्ये सिग्नल इतका जोरात घुसवलाय की तिची हद्द संपते आणि वेव्हचे शेंडे कापले जातात. डिस्टॉर्शन म्हणतो ते हेच. पण शेंडे कापले की हळू छेडलेली आणि जोरात मारलेली तार जवळपास सारख्याच आवाजात येते, पिकचा टक् मरतो. आणि गर्दीत गिटार कळते ती त्या टक् मुळेच!

म्हणून आधी मास्टर लावा, जेवढ्या आवाजात खरंच वाजवणार तेवढा. मोठ्या आवाजात पॉवर ट्यूबपण (स्पीकरला ताकद देणाऱ्या, शेवटच्या टप्प्यातल्या) क्लिप व्हायला, म्हणजे शेंडे कापायला लागतात, त्यामुळे बेडरूममध्ये ठरवलेला गेन तिथे जास्तच होतो. गिटारचा व्हॉल्यूम फुल ठेवा, गेन शून्यापासून हळूहळू वर न्या आणि ओपन ई मेजर वाजवत रहा. जी तारेवर पहिल्या फ्रेटला जो जी शार्प, म्हणजे कॉर्डमधला थर्ड, आहे ना, तो वेगळा ऐकू येतोय तोवर ठीक, तो चिखलात बुडाला की थोडं मागे या. फक्त पॉवर कॉर्डच वाजवणार असाल तर अजून वर चालेल, त्यात तो थर्ड नसतोच, रूट (मूळ सूर) आणि फिफ्थ (पाचवा सूर) डिस्टॉर्शन मस्त पचवतात.

मग गिटारचा व्हॉल्यूम ५ वर आणा. आवाज बराच साफ झाला पाहिजे, तरी गुरगुरतच असेल तर गेन अजून कमी करा. हंबकर पिकअपवरून (दोन कॉइलचा) सिंगल कॉइलवर गेलात तर हे सगळं परत करायचं, हंबकरचा सिग्नल सहसा तगडा असतो.

मेटलवाल्यांनो, पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं) भसभशीत होतोय म्हणून गेन वाढवू नका, खालचा बास कापा. ट्यूब स्क्रीमरसारखा, खालचा बास कमी करणारा ओव्हरड्राइव्ह पेडल ॲम्पच्या आधी लावून ड्राइव्ह शून्य आणि लेव्हल वर ठेवतात ते यासाठीच. रेकॉर्डिंगला एकच रिफ दोनदा वाजवून एकावर एक लावणार असाल तर गेन अजून उतरवा, दोन्हींचा मिळून पुरेसा होतो.

आणि गेन २ वरच चिखल होत असेल तर पहिली १२एएक्स७ (प्रीॲम्पची नेहमीची ट्यूब) काढून तिथे ५७५१ ही कमी जोराची ट्यूब लावून बघा, १०० च्या जागी ७० च्या आसपास ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (सिग्नल वाढवण्याची ताकद). ॲम्प बंद करून, ट्यूब गार झाल्यावर हं, गरम काच धरायची हौस माझी एकदाच भागलीय.