इंग्रजी स्लँग-इडियमची डिक्शनरी वापरताय? मग या चुका टाळा

आपल्या कोल्हापुरात स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जाणाऱ्या पोरांच्या मोबाईलमध्ये इडियम्सची, म्हणजे इंग्रजी वाक्प्रचारांची, एक पीडीएफ हमखास असतीय. डावीकडं इडियम, उजवीकडं मराठी अर्थ, विषय संपला. मग पोरं ती पाठ करतात आणि इंटरव्ह्यूत दणादण फेकतात, आणि समोरचा गालातल्या गालात का हसतोय ते काय कळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की स्लँगची, म्हणजे अनौपचारिक बोलीतल्या शब्दांची, डिक्शनरी ही आधी दुसऱ्याचं बोलणं कळावं म्हणून असते, स्वतः बोलायला नंतर, आणि निम्म्या शब्दांच्या बाबतीत तर बोलायला नसतेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेबल न वाचणं. चांगल्या डिक्शनरीत अर्थाच्या आधी बारीक तिरक्या अक्षरात इन्फॉर्मल, स्लँग, टॅबू, ऑफेन्सिव्ह, ओल्ड-फॅशन्ड असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि लोक नेमकं तेवढंच सोडून अर्थावर उडी मारतात. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, बरोबर आहे, फ्रान्सिस ग्रोसनं 1785 साली इंग्रजी बोलीभाषेचा कोश काढला त्यात पण हा अर्थ आहे. पण परदेशातल्या कस्टमरचे वडील वारले आणि तुम्ही सांत्वनाच्या मेलमध्ये ते 'किक्ड द बकेट' झाल्याचं ऐकून वाईट वाटलं असं लिहिलं, तर ते मराठीत 'तुमचे वडील खपले ऐकून वाईट वाटलं' असं झालं की वो! अर्थ बरोबर, ऑर्डर मात्र गेली. आणि टॅबू लिहिलेलं असेल तर तिथं हातच लावू नका. आपल्याकडं दोस्त भेटला की आधी शिवी आणि मग 'काय भावा', पण तीच शिवी बिंदू चौकात अनोळखी माणसाला घातली तर काय होईल ते कोल्हापूरकराला सांगायला नको.

दुसरं, जुना माल. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली की पावसावरच्या प्रत्येक निबंधात 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' येणारच. व्याकरणात चूक काहीच नाही, पण असं आता फार कमी लोक बोलतात, साधं 'इट्स पोअरिंग' म्हणतात. एरिक पार्ट्रिजचा स्लँगचा जाडजूड कोश 1937 चा, नंतर आवृत्त्या निघाल्या तरी त्यात खलाशांचे आणि सैनिकांचे कधीच मेलेले शब्द भरपूर आहेत. वाचायला लय भारी पुस्तक, फक्त त्यातलं उचलून आज बोलू नका. शब्द जिवंत आहे का बघायचं असेल तर जोनाथन ग्रीनचा स्लँग कोश उघडा. 2010 ला तीन खंडांत आला होता, आता ऑनलाईन पण आहे, आणि त्यात शब्द कुठं-कुठं छापला गेला त्याची उदाहरणं सालासकट दिलेली असतात. शेवटचं उदाहरण 1920 च्या आसपासचं असेल तर सोडून द्या.

आता 'डिक्शनरीत सापडतच नाही' ही तक्रार. बऱ्याचदा शोधायची पद्धत चुकलेली असते. 'ही स्पिल्ड द बीन्स' (त्यानं गुपित फोडलं) अख्खं टाईप करू नका, क्रियापद मूळ रूपात घ्या, 'स्पिल द बीन्स'. छापील ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत इडियम साधारणपणे त्यातल्या पहिल्या वजनदार शब्दाखाली असतो, दी, ऑफ, इन असले शब्द धरायचे नाहीत, म्हणून हा 'स्पिल'खाली बघायचा. मात्र गेट, मेक, टेक असलं रोजचं क्रियापद असेल तर पुढच्या नामाखाली बघा, कारण 'गेट'खाली सगळे इडियम कोंबले असते तर ते पान संपलंच नसतं.

तिथंच अजून एक गोची आहे. एसबी म्हणजे समबडी आणि एसटीएच म्हणजे समथिंग, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. 'पुल एसबीज लेग' लिहिलंय म्हणजे पाय दुसऱ्याचा, म्हणून 'ही इज पुलिंग माय लेग'. 'वन्स' (one's) किंवा 'युवर' लिहिलेलं असेल तर मात्र वस्तू करणाऱ्याची स्वतःची, जसं 'लूज युवर टेम्पर', मग वाक्यात 'शी लॉस्ट हर टेम्पर' होणार, 'शी लॉस्ट युवर टेम्पर' नाही. हे एक डोक्यात बसलं की निम्म्या चुका आपोआप जातात. शब्दांची मोडतोड पण करू नका, 'किक द बकेट'मध्ये एकाच्या दोन बादल्या केल्या की कुणी मरत नाही, नुसत्या बादल्या लवंडतात.

अर्बन डिक्शनरी ही वेबसाईट 1999 पासून आहे, तिथं कुणीबी लिहितं आणि लोक वर-खाली मतं देतात. कालचा नवा शब्द तिथंच सापडतो हे खरं, पण निम्मी थट्टा असते, स्वतःच्या मित्राच्या नावाचा अर्थ पण लोक टाकतात. वेगवेगळ्या लोकांनी एकच अर्थ दिलाय का बघा, नाहीतर मेरियम-वेबस्टरमध्ये एकदा चेक करा.

ब्रिटिश-अमेरिकन लेबल तर उद्यमनगर, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी आवर्जून बघावं. मीटिंगमध्ये एखादा विषय 'टेबल' करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं आणि अमेरिकेत बाजूला ठेवणं, एकदम उलटं! कास्टिंगचा रेट टेबल करूया असं अमेरिकन माणूस म्हणाला तर तुम्ही कोटेशन काढून बसू नका. 'पिस्ड' पण तसलाच, लंडनमध्ये प्यालेला, न्यूयॉर्कमध्ये चिडलेला. दोन्हीकडं असभ्यच, त्यामुळं ऐकून सोडून द्या.

आणि आपलं देशी इंग्रजी. 'आय पास्ड आऊट इन 2019' वाचून अमेरिकन एचआरला वाटणार गडी चक्कर येऊन पडला होता, तिथं 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'प्रीपोन' (ठरल्या वेळेच्या आधी घेणं) ऑक्सफर्डमध्ये आहे हो, पण इंडियन इंग्लिश म्हणून आहे. पुण्याला मेल करताय तर बिनधास्त वापरा, जर्मनीला जाणार असेल तर 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा.