नगरपरिषदेला अभ्यासिकेसाठी सरकारी निधी हवाय? आधी फाईल तयार करा, मग मंत्रालय गाठा

नवीन नगरसेवक आणि गावातली धडपडी पोरं, दोघांकडून एकच प्रश्न सारखा येतो, आमच्या गावात अभ्यासिका पाहिजे, बाग पाहिजे, बाजारात बायकांसाठी धड स्वच्छतागृह पाहिजे, तर सरकारकडून पैसे आणायचे कसे? डिसेंबर 2025 मध्ये राज्यात नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्याआधी बऱ्याच ठिकाणी कित्येक वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे पहिल्यांदा निवडून आलेल्यांना हे सगळं शेजारी बसून सांगणारं जुनं माणूस सभागृहात सापडत नाही. म्हणून जरा बैजवार लिहितोय. उदाहरण अभ्यासिकेचंच घेतो कारण एमपीएससी आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरापोरींची ही मागणी आज प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे, आणि घरात दोन खोल्या असलेल्या पोरीला रात्री नऊपर्यंत शांत बसायला जागा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पहिली गोष्ट, नुसतं निवेदन देऊन पैसे येत नाहीत. आमदारांना शाल घालून निवेदन दिलं, फोटो काढला, पेपरात बातमी आली, तरी मागे फाईल नसेल तर वरच्या ऑफिसला मंजूर करायला हातात काहीच नसतं. पैसे जाहीर झाल्यावर एस्टिमेट करायला घेणारी नगरपरिषद कायम मागे पडते हे माझं ठाम मत आहे. फाईल आधी, योजना नंतर.

फाईलची सुरुवात जागेपासून करा. इथेच सगळ्यात जास्त प्रस्ताव अडकतात म्हणून इथे वेळ घालवा. जागा कुणाच्या नावावर आहे ते बघायचं, गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नाव नगरपरिषदेचं असेल तर उत्तम. ‘महाराष्ट्र शासन’ असेल तर ती जागा आपोआप आपली होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करावी लागते, जमीन महसूल अधिनियम 1966 आणि सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे 1971 चे नियम त्याला लागतात, तलाठी, तहसीलदार, प्रांत असा प्रवास करत ते कागद फिरतात आणि त्यात महिने जातात, त्यामुळे हे काम निवडून आल्या आल्या सुरू करा. लेआऊटमधली ओपन स्पेस असेल तर तिथे किती बांधकाम करता येतं त्याला मर्यादा असते, नगररचना खात्याकडून लेखी घ्या. आणि विकास आराखड्यात म्हणजे डीपीत त्या जागेवर दुसरंच आरक्षण असेल, समजा भाजी मंडईचं, तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली फेरबदल करून घ्यावा लागतो, तो लांबचा रस्ता आहे. शक्यतो ज्या जागेवर आधीच वाचनालय किंवा सार्वजनिक वापराचं आरक्षण आहे आणि जी ताब्यात आहे तीच निवडा, मग ती आपल्या वॉर्डात नसली तरी चालेल. हे नगरसेवकांना जड जातं मला माहितीये, पण दुसऱ्या वॉर्डात उभी राहिलेली अभ्यासिका आपल्या वॉर्डातल्या पोरांनाही उपयोगी पडते.

जागा पक्की झाली की नकाशा आणि अंदाजपत्रक. नगरपरिषदेचा अभियंता करेल किंवा पॅनेलवरचा आर्किटेक्ट करेल, पण दर चालू दरसूचीतलेच म्हणजे सरकारी दरांच्या यादीतलेच पाहिजेत, दोन वर्षांपूर्वीच्या दरसूचीवर केलेलं एस्टिमेट परत येतं. अजून एक, मूळ कामाची किंमत म्हणजे एकूण किंमत नव्हे. समजा बांधकाम 80 लाखांचं आहे, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 14 लाख 40 हजार, इथेच 94 लाख 40 हजार झाले, मग बांधकाम कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर, मटेरियल टेस्टिंग, त्रयस्थ तपासणीची फी, वीज जोडणी, हे सगळं धरलं की कोटीच्या आसपास जातं. यातलं काही राहून गेलं तर काम अर्धवट थांबतं आणि सुधारित मान्यतेसाठी परत पहिल्यापासून फिरायला लागतं. फर्निचर, सीसीटीव्ही, सोलर, रॅम्प, मुलींसाठी वेगळं टॉयलेट हे पहिल्याच एस्टिमेटमध्ये घ्या, नंतर बघू म्हटलेलं टॉयलेट नंतर होत नाही. रॅम्प तर दिव्यांग हक्क कायदा 2016 प्रमाणे लागतोच.

मग ठराव. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर विषय स्पष्ट शब्दांत घ्या, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात कोटीचं काम घुसवू नका, कारण कुणी विरोधकाने 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली तर ठराव स्थगित होऊ शकतो आणि तोवर वर्ष निघून जातं. ठरावात चार गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत. कामाचं नाव आणि जागेचा सर्व्हे नंबर, अंदाजे रक्कम, नगरपरिषद स्वतःचा हिस्सा भरेल ही कबुली, आणि इमारत झाल्यावर देखभाल दुरुस्ती नगरपरिषद करेल हे. कामाचं नाव ठरावात, एस्टिमेटमध्ये आणि पत्रात अक्षरशः एकसारखं ठेवा, ठरावात ‘अभ्यासिका बांधणे’ आणि एस्टिमेटवर ‘वाचनालय इमारत’ एवढ्या फरकावर त्रुटी लागून फाईल खाली येते.

त्यानंतर तांत्रिक मान्यता, सगळे तिला टीएस म्हणतात. इमारतीचं काम असेल तर साधारण सार्वजनिक बांधकाम खात्याकडून, पाणीपुरवठा किंवा भुयारी गटारीचं असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून. सक्षम अधिकारी कोण हे रकमेवर ठरतं. तिथले उपअभियंता साईट बघायला येतात तेव्हा आपला अभियंता आणि शक्यतो एक नगरसेवक हजर असावा, शंका तिथल्या तिथे मिटतात.

आता योजना कोणती. इथे लोकांचा गोंधळ जास्त होतो. अभ्यासिकेसारख्या कामाला जवळचा दरवाजा म्हणजे जिल्हा नियोजन समिती, डीपीसी. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव, आणि घटनेच्या 243 झेडडी कलमाप्रमाणे समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून निवडायचे असतात, म्हणजे आपल्यातला एखादा नगरसेवक तिथे बसू शकतो, ती निवडणूक हलक्यात घेऊ नका. या डीपीसीच्या पैशातून जिल्हास्तरीय नगरोत्थान ही शहरी सोयीसुविधांची योजना चालते, आणि वस्ती अनुसूचित जातींची असेल तर लोकशाहीर अण्णाभाऊ साठे नागरी वस्ती सुधार योजना. हा दुसरा निधी त्या वस्तीतच खर्च व्हायला हवा, कागदावर वस्तीचं नाव लावून रस्ता दुसरीकडे करणं हे त्या लोकांचे पैसे पळवणं आहे, असं होताना दिसलं तर सभेत उठून बोला.

मोठं काम असेल, नाट्यगृह किंवा अख्ख्या गावाची पाण्याची योजना, तर राज्यस्तरीय नगरोत्थान. त्याचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेतून नगरपरिषद प्रशासन संचालनालय आणि तिथून नगरविकास विभाग असा जातो. शिवाय नगरविकासकडे ‘वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी विशेष अनुदान’ असतं, त्याला आमदारांचं पत्र आणि पाठपुरावा लागतो हे उघड आहे, म्हणून आमदार कुठल्याही पक्षाचे असोत, गावाच्या कामासाठी त्यांच्याकडे जायचंच. खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा, त्यातले 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचे असतात. एका खासदाराकडे अख्खा लोकसभा मतदारसंघ असतो, त्यामुळे तिथे पूर्ण इमारत मागण्यापेक्षा एक हॉल किंवा वरचा मजला मागितला तर लवकर होतं. वाचनालय जर शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय असेल तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय लायब्ररी फाउंडेशनकडून ग्रंथालय संचालनालयामार्फत पुस्तकं आणि इतर मदतीच्या योजना आहेत, त्याकडे फार कमी लोक बघतात.

अमृत 2.0 अभ्यासिकेला लागू नाही, ती 1 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेली पाण्याची, तलाव-बागांची योजना आहे, 1 लाखाच्या आतल्या शहरांना केंद्राचा हिस्सा 50 टक्के. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे 2021-22 ते 2025-26 साठी होते, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते, इमारतीला चालत नव्हते, 2026-27 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्याच्या सूचना लेखापालाकडून समजून घ्या.

स्वहिस्सा किती भरायचा हे नगरपरिषदेच्या वर्गावर असतं. लोकसंख्या 1 लाखाच्या वर असेल तर अ वर्ग, 40 हजार ते 1 लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग, आणि छोट्या गावाला हिस्सा कमी पडतो. नेमका टक्का त्या योजनेच्या ताज्या शासन निर्णयात बघा, जीआर शासनाच्या वेबसाईटवर फुकट मिळतात, जुन्या जीआरची झेरॉक्स घेऊन भांडू नका. समजा 1 कोटीच्या कामाला 10 टक्के हिस्सा असेल तर 10 लाख रुपये बजेटमध्ये त्या कामाच्या नावाने वेगळे दाखवा. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीच नसेल तर हे 10 लाख येणार कुठून? आणि वरचे अधिकारी वसुलीचा आकडा बघतातच, पंधराव्या वित्त आयोगाने तर ऑडिट झालेले हिशोब ऑनलाईन टाकणं आणि मालमत्ता कराची वाढ या अटीच घातल्या होत्या. म्हणून जो नगरसेवक थकबाकीदाराची जप्ती थांबवायला फोन करतो त्याने अभ्यासिका का होत नाही हे विचारताना दोन्हीचा संबंध लक्षात घ्यावा.

प्रस्तावाच्या संचात काय काय लावायचं ते एकदाच सांगतो. मुख्याधिकाऱ्यांचं पत्र, ठरावाची प्रत, नकाशे आणि अंदाजपत्रक, टीएस, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, डीपीचा पार्ट प्लॅन म्हणजे त्यातला आपल्या जागेपुरता नकाशा, जागा ताब्यात आणि वादमुक्त असल्याचा दाखला, हे काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला, स्वहिस्सा आणि देखभालीची हमीपत्रं, जीपीएस लोकेशनसह फोटो. यासोबत एक पान स्वतः लिहून जोडा, कुठलाही जीआर ते मागत नाही पण त्याचा उपयोग होतो. गावात कॉलेजं किती, सध्याच्या वाचनालयात बसायला खुर्च्या किती, पोरं अभ्यासाला जिल्ह्याच्या ठिकाणी जातात का, महिना चालवायला किती खर्च येईल आणि तो कुठून काढणार. मोजून लिहा, अंदाजाने नको. या शेवटच्या मुद्द्यावर मी भर देतो कारण इमारत बांधून कुलूप लागलेली अभ्यासिका बघणं फार त्रासदायक असतं, एक ग्रंथपाल, एक रखवालदार, सफाई आणि लाईट बिल एवढाच खर्च असतो पण तो दर महिन्याला असतो.

वेळ सांभाळा. डीपीसीचा पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण ऑक्टोबर ते जानेवारीत तयार होतो, तेव्हा प्रस्ताव टेबलावर पाहिजे. नवीन पैशातून आधी जुन्या चालू कामांचं देणं म्हणजे दायित्व भागवलं जातं, उरलेल्यात नवीन कामं. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसऱ्या खात्यांचे न वापरलेले पैसे वळवतात, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात, आणि 31 मार्चच्या आत खर्ची टाकता येईल असं टीएस झालेलं काम तेव्हा जिल्ह्याचे अधिकारी शोधत असतात. अशा वेळी नियोजन शाखेला आपली फाईल तयार आहे हे माहीत असलं पाहिजे, म्हणून महिन्यातून एकदा तिथे जाऊन यायचं, आवक नंबर लिहून ठेवायचा, त्रुटी निघाली तर आठवड्याच्या आत पूर्तता करायची. विधानसभा-लोकसभेचं वर्ष असेल तर आचारसंहितेच्या आधी प्रशासकीय मान्यता म्हणजे काम आणि खर्चाची सरकारी मंजुरी, आणि वर्कऑर्डर दोन्ही निघतील असं बघा.

प्रशासकीय मान्यता मिळाली की तिच्यातल्या अटी सगळ्या वाचा, कंटाळा करू नका, काम किती दिवसांत सुरू करायचं आणि निधी कशावर खर्च करायचा नाही हे त्यातच असतं. मग महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या वेबसाईटवर ई-निविदा, कार्यारंभ आदेश म्हणजे वर्कऑर्डर, मग काम. त्रयस्थ तपासणी बऱ्याचदा सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजकडून होते, तिचा रिपोर्ट नसेल तर बिल आणि पुढचा हप्ता दोन्ही अडतात. पहिला हप्ता खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे यूसी लगेच पाठवा. जुन्या कामांची यूसी थकलेली असेल तर नवीन प्रस्तावावर पहिला शेरा तोच पडतो, त्यामुळे नवीन नगरसेवकांनी पहिल्या सभेनंतर लेखा विभागाकडून कुठल्या योजनेची किती यूसी बाकी आहेत याची यादी लेखी मागून घ्यावी आणि गावातल्या लोकांनी माहिती अधिकारात तीच यादी मागावी, 10 रुपयांच्या अर्जावर मिळते.